समुपदेशनाला जावं का नको? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर. हे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. फोनवर, व्हॉट्सॲपवर, कुणाच्यातरी लग्नात पंगतीला बसल्यावर शेजारच्या ताटावरनं हळूच, असे वर्षानुवर्षं येत राहिलेत आणि तेच तेच येतेत म्हणून एकदा लिहून टाकते. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवलेत. उदाहरणं मात्र चार जणांची मिसळ करून दिलीत, त्यामुळं "हा आमच्या गल्लीतला तोच का" असं शोधत बसू नका. क्रमानं वाचायची गरज नाही, पण जगायला नको वाटत असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १८ बघा.

१. तुम्ही नेमकं करता काय ओ? नुसतं बोलायचे पैसे?

पहिल्या एक-दोन वेळा मी ऐकते जास्त. काय होतंय, कधीपासून, कशानं वाढतंय, कशानं जरा बरं वाटतंय. मग दोघं मिळून एक-दोन गोष्टी धरतो, ज्यात बदल करता येईल अशा, आणि त्याच्यावर आठवडाभर करायचं काम ठरतं. हो, होमवर्क असतो, वही लागते, पन्नाशीची माणसं पण आणतेत.

उदाहरण देते. शिरोलीला कंपनीत असलेला एक जण, सकाळी साहेबांना नमस्कार केला, साहेबांनी मान हलवली नाही, झालं, ह्याचा पूर्ण दिवस "आता माझं काम जाणार" यात गेला, डबा पण खाल्ला नाही. घडलं काय? मान हलली नाही एवढंच. बाकी सगळं ह्याच्या डोक्यानं लिहिलेलं. घडलेलं, त्यावर मनात आलेलं आणि त्यानं वाटलेलं हे तीन रकाने वहीत वेगळे करायला शिकलं की निम्मं काम होतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, आणि पुढं १९६० च्या दशकात ॲरन बेक यांची सीबीटी आली, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी. पद्धती आणखीही आहेत, पण रोजच्या ताणाला ह्या दोन फार कामाला येतात.

सल्ला देता का, तर नाही. "घटस्फोट घेऊ का", "दुकान विकू का" याचं उत्तर द्यायला तुमच्या घरात आधीच आठ-दहा जण बसलेत, त्यात माझी भर कशाला.

२. सायकॉलॉजिस्ट, सायकिॲट्रिस्ट, कौन्सेलर... सगळे एकच ना?

नाही. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, गोळ्या तेच लिहून देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं नोंदणी असते, नंबर विचारायला लाजू नका. कौन्सेलर साधारण मानसशास्त्रात एमए किंवा समुपदेशनाचा कोर्स केलेले. मी ह्या तिसऱ्यात, मला गोळी लिहून द्यायचा अधिकार नाही आणि मी देतही नाही.

कुणाकडं आधी जायचं? झोप-भूक पार गेलीये, कामावर जाता येत नाही, कानात आवाज येतेत, कुणीतरी मागावर आहे असं वाटतंय, तर थेट सायकिॲट्रिस्ट. कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. बाकी नात्यातला ताण, चिंता, निर्णय होत नाही, सारखी चिडचिड, यासाठी आमच्याकडं आलात तरी चालतंय, गरज वाटली तर आम्हीच पुढं पाठवतो.

३. मी काय वेडी नाही, मग कशाला येऊ?

दात किडायच्या आधी डेंटिस्टकडं कोण जात नाही हे मला मान्य आहे, पण दुखायला लागल्यावर तरी जातो ना? इथं दुखायला लागून सहा-सहा वर्षं झालेली असतेत. आपल्याकडं चेष्टेत सुद्धा "ह्याला रत्नागिरीला पाठवा" म्हणतात, तिथं मनोरुग्णालय आहे म्हणून, त्यामुळं मन म्हटलं की थेट रत्नागिरीच डोळ्यापुढं येते, मधलं काही दिसतच नाही. आणि बहुतेक माणसं त्या मधल्यातच असतात. निमहान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभर सर्व्हे केला होता, त्यात दर शंभर प्रौढांमागं दहा-अकरा जणांना कसलातरी मानसिक त्रास त्या वेळी चालू होता. तुमच्या तालमीत शंभर सभासद असतील तर तेवढे म्हणजे जवळजवळ फुटबॉलची एक टीम.

साधी खूण सांगते. उदास वाटणं, कशातच मन न लागणं हे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ आणि दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर "होईल कमी" म्हणून थांबू नका.

४. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी छातीत धडधडतंय, मुंग्या येतेत, आता मी मरतोय असं वाटतंय. डॉक्टर म्हणतेत काही नाही. मग हे काय नाटक आहे?

नाटक अजिबात नाही. एक जण आलेले, मेडिकलमध्ये मिळते ती पारदर्शक फाईल छातीशी धरून, आत चार ईसीजी. पहिल्या ईसीजीचा कागद इतका जुना की रेघा पुसट होऊन जवळजवळ कोरा झालेला, तरी जपून ठेवलेला. प्रत्येक वेळी रात्री दोन-अडीचला घरच्यांना उठवून गाडी काढायची, दवाखान्यात पोचेपर्यंत निम्मं कमी, ईसीजी नॉर्मल, आणि मग परत येताना गाडीत कोणीच बोलत नाही. ती परतीची शांतता त्यांना त्या धडधडीपेक्षा जास्त लागायची.

याला पॅनिक अटॅक म्हणतात. धोका नसताना शरीराचा धोक्याचा भोंगा वाजतो, ॲड्रेनालिन सुटतं, श्वास भराभर चालतो, भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो म्हणून ओठाला, बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं. मुंग्या आल्या की "हार्ट अटॅकच" असं वाटून भोंगा आणखी जोरात. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला जातो आणि मग उतरतोच, तुम्ही काही केलं नाही तरी उतरतो. त्या वेळी आत घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब ठेवा, म्हणजे चार आकड्यांत आत, सहा-सात आकड्यांत बाहेर, आणि जिथं आहात तिथंच थांबा. पळून गेलं की मेंदू शिकतो, पळालो म्हणून वाचलो.

पण एक महत्त्वाचं. पहिल्यांदा छातीत दुखलं तर हे वाचून घरी श्वास मोजत बसायचं नाही, आधी दवाखाना. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ हे पण एकदा बघून घ्या, थायरॉईड वाढलं तरी धडधडतं आणि कमी झालं तरी माणूस मलूल होतो. ते सगळं नीट असेल तर मग माझ्याकडं.

५. कोल्हापूर केवढंसं ओ, माझी गाडी बाहेर दिसली तर संध्याकाळपर्यंत घरी कळंल. गुप्त राहतंय का?

गाडीचं मी काही करू शकत नाही, बरेच जण एक गल्ली सोडून लावतात. आतलं मात्र आतच राहतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, त्यात उपचारांची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे, आणि कायदा नसता तरी आमचा धंदा ह्याच्यावरच उभा आहे. तुमची बायको आली आणि "हे काय म्हणाले" विचारलं तर मी तिला "त्यांनाच विचारा" म्हणते, ती चिडते, चालतंय. बाहेर भाजी मंडईत भेटलो तर मी आधी ओळख दाखवत नाही, तुम्ही हसलात तर हसते. याला कुणी शिष्टपणा समजू नये.

अपवाद आहेत आणि ते पहिल्याच दिवशी सांगते. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येत नाही. कोर्टानं मागितलं तर द्यावं लागतं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, मला काय आणि तुम्हाला काय.

६. रोज कट्ट्यावर चार तास मित्रांशी बोलतोय की. मग अजून बोलायचं काय?

हा माझा आवडता प्रश्न. बोलण्यात आपला हात कोण धरणार, रंकाळ्यावर संध्याकाळी एक फेरी मारा, बोलण्याचा नुसता कालवा असतो. पण ऐका काय चाललंय ते. फुटबॉल, राजकारण, ह्याची गाडी, त्याचा प्लॉट. स्वतःचं सोडून सगळं. आणि चुकून कुणी म्हणालाच की "झोप लागंना लगा", तर पहिलं उत्तर "चल उद्या मटण करू" आणि दुसरं "एवढं काय मर्दा, मनावर घेतोस". दोन्ही प्रेमानंच म्हटलेलं असतंय बरं का. पण तो माणूस पुन्हा बोलत नाही.

मित्र पाहिजेतच, त्यांची जागा मी घेऊ शकत नाही आणि घ्यायची पण नाही. फरक एवढाच की मला तुमच्याकडनं काही नकोय, तुमच्या भावाला मी ओळखत नाही, आणि तुमचं ऐकून मला माझं सांगायची घाई नसते. मित्र झोप लागंना म्हणाला तर मटणाच्या आधी एवढं विचारून बघा, "कधीपासून?" आणि गप्प बसा जरा.

७. किती वेळा यायला लागतं? खर्च किती?

एका वेळेला ४५ ते ५० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातनं एकदा. एखादाच अडकलेला प्रश्न असेल तर सहा-आठ वेळात बऱ्यापैकी सुटतो, लहानपणापासूनचं काही असेल तर जास्त. फी प्रत्येकाची वेगळी, फोनवरच विचारून घ्या, त्यात लाजायचं काही नाही, आणि परवडत नसेल तर तसं सांगा, बरेच जण कमी करतात. सरकारी दवाखान्याचं वर सांगितलंच. फुकटात पहिलं पाऊल टाकायचं तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मराठीत पण बोलतात.

८. गोळ्या एकदा चालू झाल्या की जन्मभर मागं लागतेत म्हणे?

ही भीती अर्धी खरी आहे आणि ती चुकीच्या गोळीला चिकटलीये. डिप्रेशन-चिंतेवर हल्ली देतात त्या बहुतेक गोळ्यांची सवय लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमकं तिथंच घोटाळा होतो, आठ दिवसात फरक नाही म्हणून माणूस बंद करतो आणि "गोळ्या पण घेऊन बघितल्या" असं सांगत फिरतो. दुसरा घोटाळा म्हणजे बरं वाटलं की आपल्या मनानं बंद. बरं वाटल्यावरही पुढं निदान सहा महिने साधारण चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात, झटक्यात थांबवलं तर गरगरणं, चिडचिड, विचित्र झटके असा त्रास होतो आणि मग "बघ, सवय लागली" म्हणायला मोकळे.

सवय लागते ती झोपेच्या आणि तात्पुरत्या शांततेच्या गोळ्यांची, अल्प्राझोलाम वगैरे, ज्या लोक शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेतात. त्या तुम्ही रोज घेत असाल तर हे वाचून आजच बंद करू नका, ते पण धोक्याचं आहे, डॉक्टरांना विचारून उतरवा. बायपोलर, स्किझोफ्रेनिया अशा आजारात गोळ्या लांब काळ लागतात, बीपीच्या लागतात तशाच. बीपीच्या गोळीला मात्र कुणी "मागं लागली" म्हणत नाही.

९. रात्री पडलं की डोक्यात गिरणी चालू होते. झोपच येत नाही.

आडवं पडून झोप येण्याची वाट बघणं बंद करा. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघू नका) की उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी रटाळ करा, डोळे जड झाले की परत. उठायची वेळ मात्र रोज तीच, रविवारी पण. दुपारी चारनंतर चहा नको, हे सांगितलं की कोल्हापुरात माणसं माझ्याकडं अशी बघतेत की जसं काय मी तांबडा-पांढरा बंद करायला सांगितला, पण चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. आणि "दोन पेग मारले की लागते झोप" हे खरं, पण तीन वाजता मोडते ती पण त्यामुळंच.

गिरणीसाठी एक युक्ती. संध्याकाळी सात-साडेसातला पंधरा मिनिटं वही घेऊन फक्त काळजी करायला बसा, सगळी लिहून काढा, जिथं काही करता येईल तिथं पुढं एक ओळ "उद्या बँकेत फोन" अशी. रात्री गिरणी चालू झाली की तिला सांगायचं, उद्या सातला ये. पहिले चार दिवस येडचाप वाटतं.

१०. मला राग पटकन येतो पण पटकन जातो, मन साफ आहे. तरी बायको म्हणते दाखवून या.

तुमचा जातो. ज्याच्यावर निघाला त्याचा जात नाही. ताट आपटल्यावर पाच मिनिटात तुम्ही टीव्ही लावून "चहा ठेव गं" म्हणता, आणि आत पोरगी दप्तर भरता भरता थांबून कानोसा घेत असते की बाबांचा आवाज आता कसाय.

राग चढलेल्या शरीराला उतरायला वीसेक मिनिटं लागतात, त्यात समजुतीचं बोलणं होत नाही. म्हणून आधीच, शांत असताना, घरात ठरवून ठेवा की "मी जरा खाली जाऊन येतो" म्हटलं की कुणी अडवायचं नाही, आणि तुम्ही परत येऊन विषय पुरा करायचा. नुसतं निघून जाणं म्हणजे दुसऱ्या प्रकारची शिक्षा झाली. हात उचलला जात असेल तर मात्र हा प्रश्न रागाचा राहत नाही. तिथं नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन मी करत नाही, कारण इथं बोललेलं घरी गेल्यावर तिच्याच अंगावर येतं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे आणि महिलांसाठी १८१ हा नंबर.

११. जुलै आला की पोटात गोळा येतो. पाऊस जोरात आला की झोप नाही, सारखी पंचगंगेची पातळी बघते. हे काय खूळ म्हणायचं?

खूळ कसलं. २००५ चा महापूर बघितला, २०१९ चं तर पाणी घरात घेऊन माणसं वरच्या मजल्यावर बसलेली, ते वाळतंय तोवर २०२१. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे शिरोळ-चिखलीच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे. एक मावशी अजून पावसाळ्यात कपाटातला खालचा खण रिकामा ठेवतात, सातबारा-आधार-पासबुकं दुधाच्या पिशवीत, पिशवीला रबर, ती दाराच्या खिळ्याला. याला मी आजार म्हणत नाही, शहाणपण म्हणते.

त्रास कुठं सुरू होतो? तयारी झालेली असते तरी रात्री वीस वेळा मोबाईल उघडला जातो, आणि प्रत्येक वेळी आकडा तोच किंवा इंचभर वर. म्हणून बघायची वेळ ठरवा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि "आकडा अमुक झाला की आपण तमुक करायचं" हे कागदावर लिहून भिंतीला लावा, जनावरं कुठं, म्हातारी माणसं कुणाकडं. मग आकड्याला काम मिळतं, नुसती भीती राहत नाही. त्या दिवसाची स्वप्नं पडतात, नदीकडचा रस्ताच टाळला जातो, पाण्याच्या आवाजानं दचकायला होतं आणि हे महिन्यापेक्षा जास्त चाललंय, तर मात्र या. त्याच्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात, इतकी वर्षं झाली असली तरी.

१२. सासूबाई प्रत्येक गोष्टीत बोलतात, वेगळं राहायचं नाही, नवरा मध्ये पडत नाही. आणि बदलायचं मीच का?

बरोबर प्रश्न आहे, आणि त्याचं खरं उत्तर असं की माझ्याकडं आलेली तुम्ही आहात, त्या नाहीत, म्हणून तुमच्याशीच काम करता येतं. न्याय नाहीये हा, सोय आहे.

दहा गोष्टींवर वाद असेल तर तीन निवडा, बाकी सोडा. त्या तीनवर छोटं आणि गोड बोला, कारणं देऊ नका. "अत्या, आज जमणार नाही, उद्या सकाळी करते." पुढं गप्प. कारण दिलं की कारणावर चर्चा चालू होते. नवऱ्याला "तुमच्या आईला सांगा" म्हणून निरोप्या करू नका, "मला संध्याकाळी अर्धा तास पाहिजे, त्या वेळी पोरांचं तुम्ही बघा" असं नेमकं मागा.

आणि एक माझ्या मनातलं. पाचला उठून धार, डबे, शेताकडची न्याहारी, पोरांची शाळा, संध्याकाळी परत तेच असं करणारी बाई मला म्हणते की "स्ट्रेस मॅनेजमेंट शिकवा", तेव्हा मला ओशाळल्यासारखं होतं. सगळा ताण मनातच असतो असं नाही, काही स्वयंपाकघरात असतो आणि तो वाटूनच कमी होतो. अशा वेळी मी नवऱ्यालाच बोलावते.

१३. मुलगा २७ चा झाला, भरती आणि स्पर्धा परीक्षाच करतोय. काय विचारलं की अंगावर येतोय.

काय विचारता त्याच्यावर आहे. "निकाल कधी" हा प्रश्न त्याला रोज घरात, दारात, बारशात पडतो. आठवडाभर निकाल, वय, लग्न हे तीन विषय बंद ठेवून बघा, बाकी वाट्टेल ते बोला, गाडीचं पंक्चर, म्हशीचं दूध. बोलणं परत चालू झालं की एकदा शांतपणे दोघांनी बसून अजून किती प्रयत्न आणि सोबत दुसरं काय, हे तारीख घालून ठरवा. तो खोलीतनं बाहेर यायचाच बंद झाला, आंघोळ-जेवण सुटलं तर आळस समजू नका, प्रश्न ३ मधली दोन आठवड्यांची खूण लावा.

१४. त्रास नवऱ्याला आहे पण तो यायला तयार नाही. त्याच्या बदली मी येऊन सांगितलं तर चालंल का?

त्याच्या बदली उपचार होत नाहीत, पण तुम्ही या. घरातलं एक माणूस वागायला बदललं की बाकीच्यांना जागा बदलावीच लागते. दारूचं असेल तर जास्तच, त्याच्या उधाऱ्या तुम्ही भागवताय, कामावर "ताप आलाय" म्हणून तुम्हीच फोन करताय, हे थांबवायला तुम्हाला आधार लागतो. त्याला आणायचं तर "तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, चल" म्हणू नका. "तुला झोप नाही, मला ते बघवत नाही, एकदा दाखवू" हे जास्त चालतं. फसवून, "माझ्यासाठी जायचंय" सांगून आणू नका, खुर्चीत बसल्यावर कळतंच आणि मग तो महिने न् महिने कुणाकडंच जात नाही.

१५. घरचे म्हणतेत बाहेरचं आहे, वाडीला न्या, देवरशाला दाखवा. तुमचं काय मत?

नरसोबाच्या वाडीला जाऊन पायरीवर बसून बरं वाटतं, अंबाबाईच्या दारात रडून हलकं होतं, यात मी कशाला आड येऊ. आईबरोबर मीही जाते. माझ्या अटी दोनच. गोळी चालू असेल तर ती बंद करायची नाही, आणि माणसाला मारायचं, बांधायचं, धुरी द्यायची, उपाशी ठेवायचं नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

अंगात येण्याबद्दल नेहमी विचारतात. बऱ्याचदा असं दिसतं की जिला एरवी घरात कुणी बोलू देत नाही तिच्याच अंगात येतं आणि मग सगळं घर हात जोडून ऐकतं. ढोंग असतंच असं नाही, तिला स्वतःला पण ते कळत नसतं. त्या वेळी ती काय बोलली ते मात्र लक्ष देऊन ऐका.

१६. बाळंतीण सारखी रडते. ओली बाळंतीण, असतंच ना?

पहिले दहा-पंधरा दिवस असतं, आपोआप कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही रडणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, "मी चांगली आई नाही" असं चालू असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजत असताना चालणाऱ्या गोळ्या आहेत. ती भलतंच बोलायला लागली, बाळावर संशय, भास, तर एक दिवस पण थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना.

१७. आई जाऊन वर्ष होत आलं, अजून डोळ्यात पाणी येतं. किती दिवस असतंय हे?

पाणी येणार, दहा वर्षांनी पण येईल. ठरलेली मुदत नसते. बघायचं एवढंच की मधल्या काळात हसू परत आलंय का, जेवणाला चव आहे का, कामात मन जातंय का. लाटा येतात, पण लाटांमधलं अंतर वाढत जातं. वर्ष उलटून गेलं तरी पहिल्या दिवशीइतकंच टोचतंय, जगणं तिथंच थांबलंय, तर मदत लागते. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात परत उन्मळून येतं, ते मागं जाणं नव्हे.

१८. मरून जावं असं मनात येतं. कुणाला सांगितलं तर पोलीस केस होते का?

आधी हे करा, आत्ता शेजारच्या खोलीत जे कुणी आहे त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि १४४१६ ला फोन लावा. जिवाला लगेच धोका असेल तर ११२, किंवा सरळ सीपीआर, नाहीतर जवळचा कुठलाही दवाखाना.

मनात येणं, कुणाला सांगणं, हा गुन्हा नाही. प्रयत्न झालेला असला तरी २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं धरूनच चालतं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा नको, मदत पाहिजे. दवाखान्यातनं पोलिसांना कळवलं जातं, जबाब घ्यायला येतात, त्याला घाबरून दवाखाना टाळू नका.

घरच्यांसाठी: सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट विचारणारं कुणीतरी आहे हे कळतं. "पोरांचा विचार कर", "पाप लागंल" नको, तो विचार करकरूनच थकलाय. एकटं सोडू नका. शेतीची औषधं आणि घरातल्या सगळ्या गोळ्या आजच कुलपात घाला आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या, हे साधं वाटतं पण यानं जीव वाचतात, कारण ती टोकाची वेळ बऱ्याचदा थोडीच असते आणि ती टळली की माणूस मदत घ्यायला तयार होतो.

१९. लग्न ठरवताना सांगायचं का? आणि मेडिक्लेम?

बारावीला चार वेळा कौन्सेलरकडं गेला होता हे कुणाला सांगायची गरज नाही, कावीळ झालेली सांगतो का? पण मोठा आजार असेल, गोळ्या चालू असतील तर पत्रिका छापायच्या आधी सांगा, मध्यस्थामार्फत नको, मुलानं-मुलीनं समोरासमोर. लपवलं तर पुढं फसवणुकीचा मुद्दा कोर्टात येऊ शकतो, आणि कोर्टाचं सोडा, गोळ्यांची पट्टी कपाटात लपवून संसार करणाऱ्या मुली मी बघितल्यात, निम्म्या गोळ्या चुकतात.

मेडिक्लेमचं म्हणाल तर २०१७ च्याच कायद्यात आहे, विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. पण ते बहुतेक ॲडमिट झाल्यावरचं, माझ्यासारखीची फी त्यात सहसा बसत नाही. पॉलिसी काढताना चालू आजार लपवू नका, पुढं क्लेमच अडकतो.

२०. एका कौन्सेलरकडं गेलेले, काही पटलं नाही. दुसरीकडं जाऊ का?

जा की. दोन-तीन वेळा देऊन बघा, तोंडावर सांगा की पटत नाहीये, चांगला असेल तर राग मानणार नाही. पहिल्याच दिवशी उठून यावं अशा काही गोष्टी: तुमच्यापेक्षा तेच जास्त बोलतात, शिक्षण विचारलं की उडवतात, "तीन सेशनमध्ये डिप्रेशन गॅरंटीनं गायब" म्हणतात, दुसऱ्या क्लायंटचं नाव घेऊन किस्सा सांगतात. उद्या तुमचा पण सांगणार.

२१. ऑनलाइन चालतं का?

चालतं, चिंता-डिप्रेशनच्या बऱ्याच कामाला चांगलं चालतं. अडचण जागेची असते, घरात दार लावून बोलायला मिळत नाही. एक जण रोज उसाच्या बांधावर मोटारसायकल लावून बोलायचे, मागं टिटवी. संकटाच्या वेळेला मात्र प्रश्न १८.

२२. मागच्या महिन्यात अपॉइंटमेंट घेतली, जिन्यापर्यंत आलो आणि परत गेलो. आता फोन करायला लाज वाटते.

तुम्ही पहिले नाही. जिन्यात मोबाईल कानाला लावून बोलल्यासारखं करत उतरून जाणारे मला वरच्या खिडकीतनं दिसतात. फोनवर परत सगळं सांगायची गरज नाही, फक्त "मागं राहिलेलं, नवीन वेळ द्या" एवढं म्हणा, मी काही विचारत नाही. दुपारी तीनची वेळ मागा, तेव्हा जिन्यात कुणी नसतं. आणि कुणी भेटलंच तर ह्याच मजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत, गालावर हात ठेवून वर या.